नेटवर्क कार्ड फेलओव्हर

नेटवर्क कार्ड फेलओव्हर ही सर्व्हरची जाळ्याशी असलेली जोडणी अखंड ठेवण्याची व्यवस्था आहे. तीत एकाच सर्व्हरमध्ये दोन किंवा अधिक नेटवर्क कार्डे बसवली जातात. कार्यरत कार्ड, त्याची केबल किंवा केबलच्या दुसऱ्या टोकाचा स्विच बंद पडल्यास सर्व्हर आपला आयपी पत्ता न बदलता राखीव कार्डावरून काम सुरू ठेवतो. लिनक्समध्ये या व्यवस्थेला ‘बाँडिंग’, तर विंडोजमध्ये ‘टीमिंग’ असे म्हणतात.

जो सर्व्हर कोणत्याही क्लस्टरचा भाग नसतो आणि ज्याचे काम सांभाळायला दुसरे यंत्र तयार नसते, त्याला एकल सर्व्हर म्हणतात. लहान व मध्यम उद्योगांत बहुधा असा एकच सर्व्हर असतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचे उदाहरण घेतल्यास या व्यवस्थेची गरज, तिची मांडणी आणि तिच्या मर्यादा स्पष्ट होतात.

## संज्ञा आणि संकल्पना

‘फेलओव्हर’ या शब्दात बिघाड आणि हस्तांतर या दोन्ही कल्पना सामावलेल्या आहेत. एक घटक निकामी होताच त्याचे काम दुसऱ्याकडे जाणे, हा त्याचा अर्थ. हे काम माणसाने हाताने केले, उदाहरणार्थ तुटलेली केबल काढून दुसरी लावली, तर त्यास फेलओव्हर म्हणत नाहीत. ती दुरुस्ती होय. हस्तांतर आपोआप होणे हे फेलओव्हरचे लक्षण आहे.

ज्या एका घटकाच्या बिघाडाने संपूर्ण व्यवस्था बंद पडते, त्याला एकमेव बिघाडबिंदू म्हणतात. एक कार्ड, एक केबल आणि एक स्विच यांवर चालणाऱ्या सर्व्हरच्या मार्गात असे तीन बिंदू एकापाठोपाठ येतात. सर्व्हर स्वतः सुस्थितीत असतो, त्यातील माहितीही सुरक्षित असते. परंतु तिच्यापर्यंत कोणालाही पोहोचता येत नाही. वापरकर्त्याच्या दृष्टीने अशा वेळी सर्व्हर बंद असणे आणि त्याची जोडणी तुटणे यांत काहीच फरक उरत नाही.

राखीव कार्डाची तुलना मोटारगाडीच्या स्टेपनीशी करता येते. स्टेपनी गाडीचा वेग वाढवत नाही. तिचा उपयोग चाक पंक्चर झाल्यावरच होतो. तिच्यात हवा आहे की नाही हे आधी पाहिले नसेल, तर ऐन वेळी तिचा उपयोग होईलच असे सांगता येत नाही. राखीव कार्डाच्या बाबतीतही हेच खरे आहे.

## औद्योगिक पट्ट्यातील संदर्भ

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारत गेली. त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि बजाज ऑटो या कंपन्यांचे कारखाने येथे आले. पुढे हा पट्टा पुणे–नाशिक महामार्गाने खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोहोचला. बजाज ऑटोने १९९९ मध्ये चाकण येथे कारखाना सुरू केला आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचे उद्घाटन झाले. मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखानेही याच परिसरात आहेत.

मोठ्या वाहन-कारखान्यांभोवती यंत्रण, पत्राकाम, ओतकाम, मुलामा आणि रबर-प्लॅस्टिकचे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. वाहननिर्मितीत ‘जस्ट इन टाइम’ ही पद्धत रूढ आहे. जपानमधील टोयोटा कंपनीत विकसित झालेल्या या पद्धतीनुसार जुळणीच्या साखळीवर लागणारा भाग गरजेच्या वेळी आणि गरजेइतकाच आणला जातो. मोठा साठा करून ठेवला जात नाही. परिणामी पुरवठादाराच्या दारातून एक ट्रक उशिरा निघाला, तरी त्याचा ताण पुढच्या कारखान्यावर पडतो.

ट्रक निघण्यासाठी आता मालाइतकीच कागदपत्रांचीही आवश्यकता असते. वस्तू व सेवा कर व्यवस्थेत १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आवश्यक झाले. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ते २५ मे २०१८ पासून लागू झाले. त्यासाठी मालाच्या किमतीची सर्वसाधारण मर्यादा ५० हजार रुपये असून महाराष्ट्राने राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ती पुढे १ लाख रुपये केली. व्यावसायिकांमधील व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या उद्योगांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांपर्यंत आली. त्यामुळे अनेक लहान कारखानेही तिच्या कक्षेत आले.

लहान कारखान्यात हिशेब, साठ्याची नोंद, पाठवणीची चलने, तपासणीचे अहवाल आणि काही ठिकाणी सीएनसी यंत्रांचे प्रोग्रॅमही एकाच सर्व्हरवर असतात. ई-वे बिल कोणत्याही संगणकावरून काढता येत असले, तरी त्यासाठी लागणारा बीजक क्रमांक, वस्तूंचा तपशील आणि रक्कम या सर्व्हरवर असते. त्याची जोडणी तुटली की भरलेला ट्रक फाटकातच थांबतो. दुसरा सर्व्हर घेऊन क्लस्टर उभारणे लहान उद्योगाला खर्चाच्या दृष्टीने नेहमी परवडतेच असे नाही. त्या मानाने दुसरे नेटवर्क कार्ड, एक केबल आणि एक साधा स्विच यांचा खर्च फारच थोडा असतो.

## इतिहास

इथरनेटची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच जाड समाक्ष केबलला जोडलेले असत. ती कोठेही तुटली तर त्या भागातील सर्वच संगणकांचा संपर्क बिघडे आणि दोष नेमका कोठे आहे हे शोधणे कठीण जाई.

१९९० मध्ये प्रमाणित झालेल्या ‘टेन-बेस-टी’ पद्धतीत प्रत्येक संगणकाला मध्यवर्ती हबपासून पीळदार जोडतारांची स्वतंत्र केबल मिळाली. या पद्धतीत माहितीची देवाणघेवाण नसतानाही दोन्ही टोके सुमारे १६ मिलिसेकंदांच्या अंतराने सूक्ष्म स्पंद पाठवत राहतात. स्पंद येणे थांबले की जोडणी तुटल्याचे कार्डाला समजते. कार्डाच्या खोबणीजवळचा हिरवा दिवा याच जोडणीची खूण असतो. बिघाड आपोआप ओळखण्याची सोय त्यामुळे कार्डातच निर्माण झाली.

अनेक कार्डे एकत्र बांधण्याची सुरुवात मात्र वेगाच्या गरजेतून झाली. थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेत १६ साध्या संगणकांचा ‘बेओवुल्फ’ हा संच उभारला. त्या काळच्या इथरनेटचा वेग अपुरा पडत असल्याने त्यांनी एकाहून अधिक जोडण्या एकत्र बांधल्या. लिनक्समधील बाँडिंगचे मूळ या कामात आहे. राखीव कार्डाची पद्धत तीत पुढे समाविष्ट झाली. जोडण्यांच्या एकत्रीकरणाचे ८०२.३एडी हे मानक २००० मध्ये आले आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या स्वतंत्र मानकात हलवण्यात आले. विंडोजमध्ये पूर्वी कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतंत्र सॉफ्टवेअरे वापरावी लागत. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय प्रणालीतच उपलब्ध झाली.

## कार्यपद्धती

फेलओव्हरमध्ये दोन प्रत्यक्ष कार्डांवर एक आभासी कार्ड निर्माण केले जाते. आयपी पत्ता या आभासी कार्डाला दिलेला असतो, प्रत्यक्ष कार्डांना नाही. सर्व्हरवरील प्रणाली आणि बाहेरचे संगणक या दोघांनाही केवळ हे आभासी कार्ड दिसते. त्याखालचे कोणते कार्ड त्या क्षणी काम करत आहे, हे त्यांना कळण्याची गरज नसते. पुढील काम चार टप्प्यांत होते.

### बिघाड ओळखणे

बिघाड ओळखण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिलीत कार्डाची विद्युत जोडणी ठराविक अंतराने तपासली जाते. लिनक्समध्ये हे अंतर सामान्यतः १०० मिलिसेकंद ठेवतात. ही रीत जलद व साधी आहे, पण तिला फक्त जवळची केबल दिसते. सर्व्हरला जोडलेला स्विच चालू असून त्या स्विचची पुढची केबल तुटली असेल, तर कार्डाचा दिवा हिरवाच राहतो आणि फेलओव्हर होत नाही.

दुसरी रीत एआरपी प्रोटोकॉलवर आधारलेली आहे. आयपी पत्त्यावरून कार्डाचा प्रत्यक्ष पत्ता शोधणारा हा प्रोटोकॉल डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये मांडला. या रीतीत सर्व्हर जाळ्यातील एखाद्या नेहमी चालू असणाऱ्या उपकरणाला, उदाहरणार्थ राउटरला, ठराविक अंतराने विचारणा पाठवतो. उत्तर येईनासे झाले की मार्ग तुटला असे मानले जाते. त्यामुळे स्विचपलीकडचा बिघाडही समजतो. मात्र विचारणेसाठी एकच उपकरण निवडले आणि तेच बंद झाले, तर दोन्ही कार्डे निरोगी असूनही सर्व्हर त्यांना बंद समजतो. म्हणून अशी निदान दोन उपकरणे ठरवावी लागतात.

### काम सोपवणे

बिघाड ओळखताच आभासी कार्ड आपली ये-जा राखीव कार्डाकडे वळवते. लिनक्समध्ये दोन्ही कार्डे सामान्यतः एकच ४८ बिटांचा मॅक पत्ता वापरतात. परिणामी इतर संगणकांनी साठवून ठेवलेली पत्त्यांची नोंद बदलावी लागत नाही.

### जाळ्याला कळवणे

कोणता मॅक पत्ता कोणत्या खोबणीमागे आहे याची नोंद प्रत्येक स्विच ठेवतो. अनेक स्विचमध्ये वापर नसलेली नोंद ३०० सेकंदांनी पुसली जाते. काम राखीव कार्डाकडे गेले तरी स्विचच्या नोंदीत जुनीच खोबणी असेल, तर सर्व्हरकडे येणारी माहिती चुकीच्या वाटेने जात राहील. हे टाळण्यासाठी सर्व्हर राखीव कार्डावरून, कोणी विचारले नसतानाही, स्वतःच्या पत्त्याची घोषणा करतो. तिला स्वयंस्फूर्त एआरपी म्हणतात. घोषणा सर्वत्र पोहोचत असल्याने मार्गातील सर्व स्विच आपली नोंद तत्काळ सुधारतात.

या सर्वांस सामान्यतः एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. टीसीपी प्रोटोकॉल हरवलेली माहिती पुन्हा पाठवत असल्यामुळे चालू असलेली कामे तुटत नाहीत. पडद्यावर क्षणभर थांबल्यासारखे वाटते इतकेच.

### मूळ कार्डाकडे परतणे

बिघडलेली जोडणी पूर्ववत झाल्यावर काम मूळ कार्डाकडे परत न्यावे की राखीव कार्डावरच ठेवावे, हे आधी ठरवता येते. सैल झालेली केबल क्षणात जोडली जाते व क्षणात तुटते. लगेच परतण्याचा नियम असल्यास काम दोन्ही कार्डांमध्ये सतत हेलकावे खाते. म्हणून जोडणी काही काळ स्थिर राहिल्याशिवाय परतू नये, अशी मुदत घालतात.

जाळ्यात वर्तुळ तयार होऊ नये यासाठी राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये रचलेला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल स्विचवर चालू असेल, तर ही मुदत विशेष महत्त्वाची ठरते. त्याच्या मूळ पद्धतीत नव्याने जोडलेली खोबणी १५ सेकंदांच्या दोन अवस्थांतून जाते, म्हणजे दिवा लागल्यानंतरही ३० सेकंद माहिती पुढे जात नाही. परतण्याची मुदत त्याहून अधिक ठेवणे किंवा सर्व्हरची खोबणी ‘एज पोर्ट’ म्हणून घोषित करणे, हे त्यावरील उपाय आहेत.

## प्रकार

दोन कार्डे वापरण्याच्या पद्धती स्थूलमानाने तीन आहेत.

सक्रिय-राखीव पद्धत: एका वेळी एकच कार्ड काम करते. स्विचवर कोणतीही विशेष रचना करावी लागत नाही आणि दोन कार्डे दोन वेगळ्या साध्या स्विचना जोडता येतात. लिनक्समध्ये हा बाँडिंगचा क्रमांक १ चा प्रकार आहे.

लिंक एकत्रीकरण: दोन्ही कार्डे एकाच वेळी काम करतात आणि त्यांची एकूण क्षमता वापरली जाते. यासाठी स्विचलाही त्याच मानकानुसार रचना द्यावी लागते. दोन्ही केबली साधारणतः एकाच स्विचला किंवा एकत्र काम करण्यास समर्थ असलेल्या महागड्या स्विचच्या जोडीला जोडाव्या लागतात. लिनक्समध्ये याचा क्रमांक ४ आहे.

भारवाटप: स्विचच्या साहाय्याविना सर्व्हर स्वतःच ये-जा दोन कार्डांत विभागतो. लिनक्समधील क्रमांक ५ व ६ चे प्रकार या वर्गात येतात.

केवळ वेग वाढवायचा असल्यास एकत्रीकरण उपयोगी पडते. परंतु दोन्ही केबली एकाच स्विचला लावल्यास तो स्विच एकमेव बिघाडबिंदू म्हणून उरतो. साधे स्विच वापरणाऱ्या लहान कारखान्यातील एकल सर्व्हरसाठी सक्रिय-राखीव पद्धत अधिक योग्य ठरते.

## एकल सर्व्हरवरील उभारणी

समजा, भोसरीतील एका कारखान्यात एक सर्व्हर, कार्यालयातील दहा संगणक आणि यंत्रशाळेतील काही संगणक आहेत. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१०.५ आहे. फेलओव्हरसाठी पुढीलप्रमाणे मांडणी करता येते.

पहिली खोबणी सर्व्हरच्या मदरबोर्डवरील आणि दुसरी वेगळ्या कार्डावरील असावी. एकाच कार्डावर दोन खोबण्या असल्या, तरी त्यांची चिप आणि मदरबोर्डवरील बैठक बहुधा एकच असते. ते कार्ड बिघडल्यास दोन्ही मार्ग एकदम जातात. दोन केबली दोन वेगळ्या स्विचना न्याव्यात आणि त्या शक्यतो वेगळ्या वाटेने टाकाव्यात. एकाच नळीतून नेलेल्या दोन केबली एकाच फटक्यात तुटू शकतात. दोन्ही स्विच एकमेकांना केबलने जोडावेत आणि त्यांचा वीजपुरवठा वेगळ्या यूपीएसवरून घ्यावा. कार्यालयातील निम्मे संगणक एका स्विचला व निम्मे दुसऱ्याला जोडल्यास, एक स्विच बंद पडला तरी निम्म्या संगणकांवरून पाठवणीचे काम सुरू राहते.

सॉफ्टवेअरमधील रचना प्रणालीनुसार बदलते. लिनक्समध्ये नेटवर्क मॅनेजर किंवा उबुंटूमधील नेटप्लॅन यांच्या साहाय्याने बाँड तयार करतात, त्याचा प्रकार सक्रिय-राखीव ठेवतात, दोन्ही कार्डे त्यास जोडतात आणि १९२.१६८.१०.५ हा पत्ता बाँडला देतात. प्रत्यक्ष कार्डांवरील जुने पत्ते काढून टाकणे आवश्यक असते. देखरेखीचे अंतर स्पष्टपणे नमूद करावे लागते. बाँडिंगच्या जुन्या आवृत्त्यांत ते न दिल्यास शून्य धरले जाई, म्हणजे बाँड दिसायला तयार असे, पण बिघाडावर लक्ष मात्र कोणाचेच नसे.

विंडोज सर्व्हरमध्ये ‘सर्व्हर मॅनेजर’मधील टीमिंगच्या खिडकीतून दोन कार्डे निवडून संघ तयार करतात. त्यात स्विचवर अवलंबून नसलेली पद्धत निवडून एक कार्ड ‘स्टँडबाय’ म्हणून ठरवता येते. व्हीएमवेअर ईएसएक्सआय या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीत ही रचना आभासी स्विचवर केली जाते. तेथे कार्यरत आणि राखीव कार्डांचा क्रम लावता येतो. त्यावरील सर्व आभासी यंत्रांना तिचा लाभ मिळतो, प्रत्येक यंत्रात वेगळी रचना करावी लागत नाही.

रचना बदलताना सर्व्हरचा संपर्क तुटण्याची शक्यता असते. म्हणून हे काम दुरून, त्याच जाळ्यावरून न करता सर्व्हरसमोर बसून करणे सुरक्षित असते.

## उपलब्धतेचे गणित

वर्षात ८,७६० तास असतात. एखादा मार्ग ९९ टक्के वेळ उपलब्ध असेल, तर तो वर्षात ८७.६ तास बंद राहील. तशाच दोन स्वतंत्र मार्गांपैकी एक पुरेसा असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक टक्क्याचा एक टक्का, म्हणजे ०.०१ टक्के होते. वर्षाच्या हिशेबात हा काळ सुमारे ५३ मिनिटांचा भरतो.

या गणितातील ‘स्वतंत्र’ हा शब्द निर्णायक आहे. दोन्ही स्विच एकाच विस्तार-फळीवर लावलेले असतील आणि तिचे बटण कोणाच्या हातून बंद झाले, तर दोन मार्ग असूनही उपलब्धता एका मार्गाइतकीच राहते. समाईक वीज, समाईक नळी आणि समाईक कार्ड या गोष्टी कागदावरील दोन मार्गांचा प्रत्यक्षात एकच मार्ग करतात.

## चाचणी आणि देखरेख

उभारणीनंतर चाचणी अनिवार्य मानली जाते. पुणे परिसरातील औद्योगिक वसाहतींत अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते; उत्पादन बंद असल्याने असा दिवस या कामास सोयीचा असतो. चाचणीच्या वेळी कार्यालयातील एका संगणकावरून सर्व्हरला सतत पिंग करतात आणि एखादी मोठी फाइल उतरवत ठेवतात. त्यानंतर क्रमाने पुढील गोष्टी करून पाहतात:

१. कार्यरत कार्डाची केबल काढणे व काही वेळाने परत लावणे.
२. कार्यरत कार्ड ज्या स्विचला जोडले आहे, त्याचा वीजपुरवठा बंद करणे.
३. दोन स्विचना जोडणारी केबल काढणे.
४. सर्व्हर पुन्हा सुरू करून दोन्ही कार्डे बाँडमध्ये येतात की नाही हे पाहणे.
५. फक्त राखीव कार्डाच्या भरवशावर काही तास काम चालवणे.

पाचवी पायरी बरेचदा वगळली जाते. राखीव जोडणी कमी वेगावर अडकलेली असणे किंवा तिची केबल सदोष असणे, हे दोष केवळ तिच्यावर प्रत्यक्ष भार टाकल्यावरच उघड होतात.

फेलओव्हरचा एक गुण हाच त्याचा धोकाही आहे. हस्तांतर सुरळीत झाले की वापरकर्त्यांना बिघाड झाल्याचे कळतच नाही. पहिली केबल तुटलेली राहते, सर्व्हर एकाच मार्गावर चालत राहतो आणि काही महिन्यांनी दुसरा मार्ग तुटला की सर्व काम थांबते. अशा वेळी फेलओव्हर निष्फळ ठरला असा समज होतो. प्रत्यक्षात तो पहिल्या बिघाडाच्या वेळी यशस्वी झालेला असतो, परंतु त्याची दखल कोणी घेतलेली नसते. म्हणून प्रत्येक हस्तांतराची सूचना ई-मेलने किंवा लघुसंदेशाने जबाबदार व्यक्तीस जाईल अशी सोय करतात. लिनक्समध्ये प्रत्येक बाँडची सद्यःस्थिती, कार्यरत कार्डाचे नाव आणि प्रत्येक जोडणी किती वेळा तुटली याची गणती एका मजकूर-फाइलमध्ये सतत उपलब्ध असते. ती ठराविक काळाने तपासणारी छोटी आज्ञावली लिहिणे अवघड नाही.

## मर्यादा आणि गैरसमज

दोन कार्डांना एकाच जाळ्यातील दोन वेगळे आयपी पत्ते दिले म्हणजे फेलओव्हर झाला, असा गैरसमज आढळतो. वापरकर्त्यांचे संगणक ज्या पत्त्याशी बोलत असतात तोच बंद पडल्यावर ते आपोआप दुसऱ्या पत्त्याकडे वळत नाहीत. फेलओव्हरसाठी पत्ता एकच आणि मार्ग दोन, अशी रचना लागते.

स्विचवर योग्य रचना न करता एकत्रीकरणाची पद्धत सर्व्हरवर चालू केल्यास एकच मॅक पत्ता दोन खोबण्यांवर आलटून पालटून दिसतो. त्यामुळे स्विचची नोंद सतत बदलत राहते आणि जोडणी पूर्ण तुटण्याऐवजी मधूनमधून अडखळते. असा दोष शोधणे अधिक कठीण असते.

नेटवर्क कार्ड फेलओव्हर फक्त सर्व्हर आणि जवळचे जाळे यांमधील मार्गाचे रक्षण करतो. सर्व्हरची हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याचे युनिट किंवा मदरबोर्ड बिघडल्यास त्याचा उपयोग नाही. डिस्कसाठी रेड पद्धत, विजेसाठी दुहेरी युनिट व यूपीएस, आणि माहितीसाठी नियमित प्रत काढून ती दुसऱ्या जागी ठेवणे, हे त्यासाठीचे वेगळे उपाय आहेत. कारखान्याबाहेर रस्ता खोदताना इंटरनेटची फायबर केबल तुटली, तर सर्व्हरमधील दोन कार्डे काहीही करू शकत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या सेवादात्याची स्वतंत्र जोडणी आणि ती सांभाळणारा राउटर लागतो. मात्र अशा वेळीही कारखान्यातील संगणक आणि सर्व्हर यांचा आपसातील संपर्क कायम असेल, तर चलने व बीजके तयार करण्याचे काम चालू राहते. मोबाइलच्या इंटरनेटवरून त्यांची ऑनलाइन नोंद करून ई-वे बिल काढता येते आणि ट्रक रवाना करता येतो.